शांत दिवसाची नोंद

मैत्री हे भारताचं अंटार्क्टिकातलं संशोधन केंद्र. दक्षिणेकडे ७०.८ अंशांवर, शिरमाकर ओअॅसिस नावाच्या उघड्या खडकाळ पट्ट्यात ते १९८९ पासून उभं आहे. इथल्या हिवाळी पथकात माझ्याकडे भूचुंबकीय यंत्रांचं काम आहे. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र क्षणोक्षणी किती हललं, याची नोंद तुटू द्यायची नाही, एवढंच ते काम. सूर्याकडून विद्युतभारित कणांचा अखंड वारा वाहत असतो. आपल्या वातावरणाच्या वरच्या थरांत तो जी उलथापालथ करतो ती सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त ध्रुवांजवळ दिसते, म्हणून ही यंत्रं इथे.

मी बुलढाणा जिल्ह्यातल्या पिंपळगाव राजाचा. गावाकडे हमखास विचारतात, "तू तिथं दिवसभर करतोस तरी काय?" त्याचं हे उत्तर, जूनच्या शेवटच्या आठवड्यातल्या एका दिवसाचं. वेळा जागतिक वेळेनुसार दिल्या आहेत, कारण यंत्रं तीच पाळतात. गावची घड्याळं साडेपाच तास पुढे.

सकाळी ६:००

बाहेर काळोख. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य मावळला तो अजून उगवलेला नाही, आणि जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत उगवणारही नाही. उठल्यावर पहिली फेरी यंत्रांच्या खोलीत. फ्लक्सगेट मॅग्नेटोमीटरच्या पडद्यावर तीन रेषा सरकत असतात. एक उत्तर-दक्षिण दिशेच्या घटकाची, दुसरी पूर्व-पश्चिम आणि तिसरी उभ्या घटकाची. मोजमाप नॅनोटेस्लात, म्हणजे टेस्लाच्या अब्जाव्या भागात. पृथ्वीचं क्षेत्र चाळीस हजारांच्या आसपास आणि आम्ही बघतो ते एक-दोन एककांचे चढउतार.

मग ठरलेली तपासणी. यंत्राचं घड्याळ उपग्रहाच्या वेळेशी जुळलेलं आहे ना, फाइल वाढते आहे ना, बॅटरी किती, सेन्सरच्या खड्ड्यातलं तापमान किती. घड्याळाकडे कधीच दुर्लक्ष करता येत नाही. चुंबकीय धक्का पृथ्वीवरच्या केंद्रांना कोणत्या क्रमानं लागला हे सेकंदांच्या फरकावरून ठरतं, आणि एका केंद्राचं घड्याळ चुकलं तर सगळ्यांचा क्रम बिघडतो.

रात्रीच्या तिन्ही रेषा जवळजवळ सरळ. वहीत लिहिलं, 'रात्र शांत.' नवख्या माणसाला ही नोंद निरर्थक वाटते. पण जर्मनीतलं पॉट्सडामचं केंद्र दर महिन्याचे सर्वांत शांत दहा दिवस आणि सर्वांत अशांत पाच दिवस निवडून जाहीर करतं. वादळाची उंची मोजायची ती शांत दिवसाच्या पातळीवरून. ती पातळीच लिहिलेली नसेल तर वादळ कितीही मोठं असो, त्याला आकडा देता येत नाही.

७:००

गॅलीत, म्हणजे आमच्या स्वयंपाकघरात, चहा आणि पोहे. मदतीची पाळी सगळ्यांना येते, डॉक्टरलाही आणि पथकप्रमुखालाही. २१ जूनचा मिडविंटर, म्हणजे इथल्या हिवाळ्याचा मध्य, नुकताच साजरा झाला. अंटार्क्टिकातली सगळ्या देशांची केंद्रं त्या दिवशी एकमेकांना शुभेच्छापत्रं पाठवतात. ती अजून भिंतीवर आहेत. गावाहून आणलेला ठेचा पुरवून खातो. त्याची मागणी केरळच्या आणि हिमाचलच्या मंडळींकडूनही असते, हे आईला सांगितलं की ती खूश.

८:३०

आता सूर्याकडचा अहवाल. सौरवाऱ्याची खबर आपल्याला मिळते ती सूर्य आणि पृथ्वी यांच्यामधल्या एल-१ बिंदूवरून, पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरून. तिथे अमेरिकेची यानं आहेत आणि ६ जानेवारी २०२४ पासून आपलं आदित्य-एल१ आहे. त्यावरचं ॲस्पेक्स हे उपकरण अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेचं, तर सूर्याची अतिनील छायाचित्रं घेणारी सूट ही दुर्बीण पुण्याच्या आयुकाची. ताशी नव्हे, सेकंदाला ४०० किलोमीटर हा या वाऱ्याचा सामान्य वेग. त्या वेगानं एल-१ ओलांडलेला वारा साधारण तासाभरात पृथ्वीपाशी पोहोचतो. आमच्या हातात पूर्वसूचनेचा तेवढाच एक तास. वारा जोरात असेल तर अर्धाच.

सूर्यापासून असा वारा सतत वाहत असला पाहिजे, हे यूजीन पार्कर यांनी १९५८ मध्ये गणितानं मांडलं. दोन परीक्षकांनी तो लेख नाकारला होता. नियतकालिकाचे संपादक होते सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. त्यांना निष्कर्ष पटला नव्हता, पण गणितात चूक सापडेना. त्यांनी लेख छापला. चारच वर्षांनी शुक्राकडे निघालेल्या मरिनर-२ यानानं वाटेत तो वारा मोजला.

आज माझं लक्ष वेगाकडे आहे. सूर्य स्वतःभोवती फिरतो आणि पृथ्वीवरून पाहिलं तर त्याचा तोच भाग सुमारे २७ दिवसांनी पुन्हा समोर येतो. प्रभामंडलात, म्हणजे सूर्याच्या बाहेरच्या वातावरणात, जिथे चुंबकीय रेषा उघड्या असतात तिथे 'कोरोनल होल' दिसतं आणि तिथून वेगवान वारा सुटतो. मागच्या फेरीत याच सुमाराला असा झोत येऊन गेला होता. ते विवर टिकून असेल तर आज-उद्या तो पुन्हा यायला हवा. पडद्यावरचा आकडा ४०० वरून हळूहळू वर सरकतोय.

१०:००

आठवड्यातलं मुख्य काम आज. निरपेक्ष मापन. फ्लक्सगेट यंत्र बदल अचूक टिपतं, पण मूळ पातळी सांगायला ते भरवशाचं नाही. थंडीनं आणि वयानं ते सरकत जातं. म्हणून माणसानं जाऊन, दुर्बिणीसारख्या थिओडोलाइटनं चुंबकीय रेषेची दिशा आणि कल हातानं मोजायचा.

त्याआधी अंगावरचं लोखंड उतरवायचं. किल्ल्या, पट्ट्याचं बक्कल, घड्याळ, खिशातला चाकू, पेनाची क्लिपसुद्धा. बुटांच्या आत पोलादी टोपी असते, म्हणून या कामाचे बूट वेगळे. मापनाची झोपडीही लाकडाची, तिला खिळे लोखंडाचे चालत नाहीत. बाहेर एकट्यानं जायचं नाही हा नियम, तेव्हा जोडीला एक जण आणि त्याच्याकडे वॉकीटॉकी. तो मात्र झोपडीपासून लांब थांबतो, कारण वॉकीटॉकीतही चुंबक असतं. हिमवादळात वाट दिसत नाही तेव्हा दोर धरून चालावं लागतं. आज वारा कमी, तापमान उणे पंचवीसच्या आसपास. हातमोजे काढून स्क्रू फिरवायला फार तर मिनिटभर मिळतं, मग बोटं काखेत.

दुर्बीण चार वेगवेगळ्या स्थितींत फिरवून वाचन घ्यायचं म्हणजे यंत्राच्या स्वतःच्या चुका एकमेकींना खोडतात. हे काम शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी होतं तसंच आहे. महाराष्ट्राला त्याची जुनी सवय आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय नोंदी सुरू झाल्या. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यावर प्रखर झळाळी पाहिली आणि त्यानंतर अठरा तासांच्या आत पृथ्वीवर चुंबकीय वादळ आलं. कुलाब्याचे निरीक्षक तेव्हा डोळ्यांनी वाचन करून हातानं लिहीत होते. क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी कोसळल्याचं त्यांच्या आकड्यांतून दिसतं. २००३ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्ष लखिना, एस. अॅलेक्स आणि परदेशी सहकाऱ्यांनी त्या नोंदींवर शोधनिबंध लिहिला, तेव्हा जगाला त्या वादळाचा ठोस आकडा मिळाला. मुंबईत विजेची ट्राम येणार म्हटल्यावर वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी अलिबागला लोखंडविरहित वेधशाळा उभी करवली. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं दोन्हीकडे समांतर मोजणी झाली, मगच कुलाब्याचं काम थांबवलं. जुनी पातळी नव्या पातळीशी जोडून घेतल्याशिवाय हललेच नाहीत. त्यामुळे ही साखळी आजवर अखंड आहे.

१२:००

दुपार. उत्तरेच्या क्षितिजावर तांबूस पट्टा दिसतो. या दिवसांत मध्यान्हीला सूर्य क्षितिजाच्या चारेक अंश खाली असतो, म्हणून तास-दोन तास संधिप्रकाश मिळतो. दिशा मात्र उत्तर. सूर्य उत्तरेला असतो हे पचायला मला बरेच दिवस लागले.

भारती केंद्राशी बोलणं. २०१२ मध्ये सुरू झालेलं हे आपलं दुसरं चालू केंद्र पूर्वेला सुमारे तीन हजार किलोमीटरवर. भूगोलाच्या अक्षांशात मैत्री आणि भारती जवळजवळ सारखी, पण चुंबकीय अक्षांशात खूप फरक. मैत्री ६३ अंशांच्या आसपास, भारती ७५. ध्रुवीय प्रकाशाचं कडं चुंबकीय ध्रुवाभोवती असतं. ते शांत दिवशी मैत्रीच्या दक्षिणेला राहतं आणि खवळलं की आमच्या डोक्यावर पसरतं. भारती मात्र दिवसा 'कस्प' नावाच्या भागाजवळून जाते. तिथे पृथ्वीच्या चुंबकीय कवचाला नरसाळ्यासारखी फट असते आणि सौरवाऱ्यातले कण थेट आयनांबरापर्यंत, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरापर्यंत, उतरतात. सकाळी दहा-अकराच्या सुमारास त्यांच्या आलेखात लहान लहान कंप दिसले होते, माझ्या रेषा तेव्हा स्वस्थ होत्या. दोन केंद्रं का हवीत याचं हे उत्तर.

१३:३०

गावात संध्याकाळचे सात. बाबांना फोन.

"पानी आलं काय रे तिकडं?"

"बाबा, इथं पानी नाही पडत, बर्फ पडते."

"मंग पेरनी कवा करतेत तिथले लोकं?"

इथे पेंग्विन सोडले तर लोकच नाहीत, हे त्यांना माहीत आहे. तरी ते दर वेळी विचारतात. पेरणीची त्यांचीच चिंता बोलते. "तीन दिवस पानी पडलं, वावर चिखल झालं. वाफसा नाही अजून. घाई केली त सरकी सडून जाईन."

फोन ठेवल्यावर वाटलं, माझी दुपारही याच अडचणीत आहे.

१५:००

वाऱ्याचा वेग पाचशेच्या पुढे गेलाय. झोत आला, हिशेब बरोबर निघाला. पण माझ्या पडद्यावर काही नाही. कारण दुसरा आकडा अजून अनुकूल नाही. सौरवारा आपल्याबरोबर सूर्याचं चुंबकीय क्षेत्रही वाहून आणतो आणि त्याची दिशा बदलत असते. पृथ्वीच्या कवचाच्या पुढच्या बाजूला आपल्या चुंबकीय रेषा उत्तरेकडे वळलेल्या असतात. येणाऱ्या वाऱ्याचं क्षेत्रही उत्तरेकडे असेल तर वारा बहुतांशी बाजूनं निघून जातो. ते दक्षिणेकडे वळलं की विरुद्ध दिशेच्या रेषा तुटून एकमेकींना जोडल्या जातात आणि वाऱ्यातली ऊर्जा आत यायला वाट मिळते. जेम्स डंजी यांनी १९६१ मध्ये ही कल्पना मांडली. वेग म्हणजे पाऊस, दिशा म्हणजे वाफसा. नुसत्या पावसावर पेरणी होत नाही.

बातम्यांत मात्र नेहमी वेगच येतो. 'सौरवादळ पृथ्वीच्या दिशेने' एवढं छापून मोकळे होतात. येणाऱ्या क्षेत्राची दिशा काय हे ते एल-१ ला पोहोचेपर्यंत खात्रीनं सांगता येत नाही. अंतराळ हवामानाच्या अंदाजातली सर्वांत अवघड जागा हीच.

उरलेला वेळ सकाळच्या मापनाची आकडेमोड, मूळ पातळीची दुरुस्ती आणि तीन-तीन तासांचे 'के' निर्देशांक काढण्यात. शून्य म्हणजे शांत, नऊ म्हणजे कमाल खळबळ. आजचे आतापर्यंतचे सगळे शून्य आणि एक.

१८:००

जेवण लवकर, कारण रात्र मोठी. मग छतावर जाऊन ऑल-स्काय कॅमेऱ्याच्या घुमटावरचं हिम झाडायचं. अख्खं आकाश एका गोल चित्रात टिपणारा हा कॅमेरा. कुठे दिवा उघडा राहिला असेल तर बंद करायला सांगायचं. आकाश निरभ्र आहे, चंद्र नाही. शेजारी रिओमीटरचे अँटेना. आकाशगंगेतून येणारा रेडिओ-गोंगाट ते सतत ऐकतात. वरून आलेले जोरकस इलेक्ट्रॉन ६० ते ९० किलोमीटर उंचीवर पोहोचले की तिथली हवा तो गोंगाट शोषून घेते आणि यंत्रात आवाज पडतो. डोळ्यांना न दिसणारा मारा असा मोजला जातो.

२१:३०

एल-१ वरून आलेल्या आलेखात चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे झुकलं आहे आणि तिथेच टिकलं आहे. या वेगाला प्रवासाला पाऊण तास. केंद्रात सांगून ठेवलं, "ज्यांना बघायचंय त्यांनी जागं राहा." आत आलेली ऊर्जा लगेच खर्च होत नाही. पृथ्वीच्या रात्रीकडच्या बाजूला चुंबकीय शेपटीत ती साठत जाते. साठ्याचा ताण असह्य झाला की शेपटीत रेषा तुटतात आणि इलेक्ट्रॉन ध्रुवीय भागाकडे फेकले जातात. याला उपवादळ म्हणतात.

२३:१०

दक्षिण क्षितिजावर फिकट हिरवी कमान होती. ती एकाएकी उजळली, घड्या पडल्या आणि दोन-तीन मिनिटांत डोक्यावर आली. खाली पडद्यावर आडव्या घटकाची रेषा शेकडो नॅनोटेस्ला घसरली. दोन्ही गोष्टी एकाच कारणानं होतात. सुमारे शंभर किलोमीटर उंचीवर, कणांच्या माऱ्यानं वाहक झालेल्या हवेतून लाखो अँपिअरचा प्रवाह वाहू लागतो, त्याला ऑरोरल इलेक्ट्रोजेट म्हणतात. माझी रेषा हलते ती त्याच्या चुंबकीय क्षेत्रामुळे.

रंगांवरून उंची कळते. हिरवा प्रकाश ऑक्सिजनच्या अणूंचा, १०० ते १५० किलोमीटरवरचा. वरच्या कडेचा लालही ऑक्सिजनचाच, पण दोनशे किलोमीटरच्या वरचा. उत्तेजित अणूला तो लाल प्रकाश सोडायला जवळजवळ दोन मिनिटं लागतात. खाली दाट हवेत एवढ्या वेळात दुसरा रेणू येऊन आदळतो आणि त्याची ऊर्जा काढून घेतो, म्हणून लाल फक्त विरळ उंचीवर टिकतो. हिरव्याला सेकंदही लागत नाही. खालच्या कडेला क्षणभर दिसणारी जांभळट-गुलाबी किनार नायट्रोजनची. ती दिसली म्हणजे इलेक्ट्रॉन चांगलेच जोरकस. त्याच वेळी रिओमीटरचा आवाज पडला.

बाहेर चार-पाच जण माना वर करून उभे. मी पाच मिनिटं पाहिलं आणि आत आलो. वेळ लिहायची होती.

००:००

जागतिक मध्यरात्र. आजची फाइल बंद, उद्याची सुरू. गावात साडेपाच वाजलेत. माहिती भारतात पाठवली जाते, नवी मुंबईच्या भूचुंबकत्व संस्थेकडे. मोहिमेचं सगळं नियोजन वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राचं.

१:००

मैत्रीची चुंबकीय मध्यरात्र या सुमाराला होते. नाच संपला, आता आकाशात हिरवे ठिपके काही सेकंदांच्या लयीत उजळतात आणि विझतात. दिसायला हे सौम्य, पण खरा परिणाम पुढे राहतो. वाहणाऱ्या प्रवाहांनी वरची हवा तापते, तापलेली हवा फुगते आणि उपग्रहांच्या वाटेत घनता वाढते. ३ फेब्रुवारी २०२२ रोजी सोडलेल्या ४९ स्टारलिंक उपग्रहांपैकी बहुतेक असेच खाली ओढले जाऊन जळाले. ते वादळ मोठंही नव्हतं.

मोठ्या वादळात ध्रुवाजवळ तापलेल्या हवेच्या लाटा काही तासांत विषुववृत्तापर्यंत पोहोचतात. १० मे २०२४ ला अक्षय्य तृतीया होती. त्या रात्री भारतीय वेळेनं साडेदहानंतर दोन दशकांतलं सर्वांत तीव्र वादळ सुरू झालं आणि लडाखमधल्या हानले इथल्या कॅमेऱ्यांनी आकाशात लाल पट्टा टिपला. बुलढाण्यावरून काही दिसलं नाही, पण आयनांबर आपल्याही डोक्यावर आहे. पिंपळगाव राजासारख्या गावात हल्ली बांधाची मोजणी रोव्हरनं होते. रोव्हर उपग्रहांचे संदेश ऐकतो आणि ते संदेश याच थरातून खाली येतात. थर खवळला की अंतर चुकतं. अमेरिकेत त्या मे महिन्यात उपग्रहांवर चालणारे ट्रॅक्टर ऐन मक्याच्या पेरणीत थांबवावे लागले होते. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात तर १३ मार्च १९८९ ला चुंबकीय वादळानं दीड मिनिटात वीजजाळं कोसळलं आणि साठ लाख लोक नऊ तास अंधारात राहिले.

२:००

रेषा हळूहळू मूळ पातळीकडे परत येतात. वहीत शेवटची नोंद: सुरुवातीची वेळ, सर्वाधिक घसरण, आकाश निरभ्र, यंत्रं चालू, खंड नाही. मग झोप.

गावच्या शाळेतल्या पोरांना एवढंच सांगायचंय. हिरवा प्रकाश पाहायला मिळतो म्हणून हे काम धरू नका. तो काही मिनिटांचा असतो, बाकी सगळा वेळ सरळ रेषा. ज्याला त्या सरळ रेषेची नोंद रोज न कंटाळता करता येते त्यानं भौतिकशास्त्र शिकावं, किंवा डिझेल मेकॅनिकचं, विजेचं, स्वयंपाकाचं काम पक्कं शिकावं. हिवाळी पथकाला ही सगळी माणसं लागतात. आणि अलिबागला गेलात तर समुद्रकिनाऱ्याबरोबर तिथली वेधशाळा जरूर विचारा. १८५९ च्या कुलाब्यातल्या निरीक्षकांची नावं आपल्या लक्षात नाहीत, पण आधीच्या शांत दिवसांचे आकडे त्यांनी लिहून ठेवले होते, म्हणूनच त्या वादळाचं मोजमाप आज जगाकडे आहे.